ताणाचं इनपुट क्रेडिट

सीए इंटरच्या पहिल्या ग्रुपमध्ये टॅक्सेशनचा पेपर तिसरा. 100 मार्क, निम्मे इन्कम टॅक्सचे, निम्मे जीएसटीचे. प्रत्येक पेपरात 40 हवेत, आणि ग्रुपला एकूण 50 टक्के. म्हणजे तिन्ही पेपरांत पास होऊनही माणूस नापास होतो. मी झालोय.

यंदाही परीक्षेला तीन आठवडे उरले आणि घर कुजबुजायला लागलं. कुकरची शिट्टी झाली की आई कुकरवर डोळे वटारते. बाबा आवाज बंद करून क्रिकेट बघतात आणि विकेट पडली की नुसतंच तोंड उघडून ओरडतात. मला त्या शांततेचीच धडकी भरते.

मग अभ्यासिकेतल्या मित्राने ताणावर उपाय सांगितले. जिम लाव, चांगलंचुंगलं खा, फेशियल कर, दोन दिवस कोकणात जाऊन ये. मी ते वहीत उतरवले आणि वाटलं, ही यादी आपण कुठेतरी पाठ केलीय. जीएसटीचं कलम 17(5)! कंपनीने खर्च केला तरी ज्यावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, सहसा मिळत नाही, त्याची यादी: खाणंपिणं, केटरिंग, सौंदर्योपचार, क्लब, फिटनेस सेंटर, कर्मचाऱ्यांचा सुट्टीतला प्रवास. माणसाला जरा बरं वाटेल असं जे जे काही आहे, ते सरकारने शोधून शोधून ब्लॉक केलंय. (अपवाद आहेत. पेपरात नेमके तेच येतात.)

शेवटी मोबाइलवर ध्यान लावलं. त्यातल्या बाई म्हणाल्या, "श्वास आत घ्या." घेतला. इनवर्ड सप्लाय, म्हणजे खरेदी. "आता सोडा." आउटवर्ड, म्हणजे विक्री. मग आत घेतलेला श्वास समोरच्याने रिटर्नमध्ये दाखवला असेल का, नाहीतर क्रेडिट गेलं, या काळजीने पहाटे तीनपर्यंत जागा.

रविवारी साताऱ्याहून मामा आला, कंदी पेढे घेऊन.

"अरे, टॅक्स आम्ही भरतो आणि ताण तुला? पास हो, एक लाख देतो."

"चालेल मामा. तू दिलेस तर मला कर नाही. आईचा भाऊ कायद्याने माझा नातेवाईक आहे."

"उपकार झाले कायद्याचे."

"पण मी तुला एक लाख दिले, तर तुला कर. भाचा मामाचा नातेवाईक नाही."

मामाचा पेढा तोंडाशी थांबला. "म्हणजे मी तुझा मामा, पण तू माझा भाचा नाहीस?"

मी समजावलं. नातं घेणाऱ्याच्या बाजूने मोजायचं. त्याच्या आईवडिलांची भावंडं चालतात, भावंडांची मुलं चालत नाहीत.

"याचं जावळ माझ्या मांडीवर काढलंय!" मामा स्वयंपाकघराकडे बघून ओरडला. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी ओरडलं. मला फार बरं वाटलं.

"जावळाची तरतूद नाही, मामा. लग्नातला आहेर सुटतो."

"माझं लग्न कुठून आणू आता? पुढच्या वर्षी साठी आहे."

"साठी सुटत नाही. पण 50 हजारांपर्यंत दिले तर चालतं. तेवढे ओलांडले की मात्र अख्ख्या रकमेवर कर, नुसत्या वरच्यावर नाही."

"मग 50 हजार दे की," मामा उदारपणे म्हणाला. मला अजून 40 मार्कांची खात्री नव्हती.

आई हात पुसत बाहेर आली. "बरोब्बर 50 हजार? आहेर करायचा आणि वर एक रुपया ठेवायचा नाही?"

मामा माझ्याकडे बघायला लागला, मी अभ्यासाच्या पुस्तकाकडे. शकुनाचा तो एक रुपया ठेवला की अख्खे 50,001 करपात्र. हे उदाहरण कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये नव्हतं.

"त्यात काय एवढं?" आई म्हणाली. "दादाला 49 हजार एक दे, आणि वहिनीला उरलेल्याची साडी."

मी पान उलटलं. वस्तूंपैकी कर कशावर, तर शेअर, दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती, सोन्याच्या लगडी. साडी कुठेच नव्हती. मी आईकडे बघतच राहिलो. सीएचा फॉर्म हिने भरायला हवा होता.

"आई, पण साधीच घेऊ हं," मी म्हणालो. "पैठणीला कुणी कलाकृती म्हटलं तर पंचाईत."