भारतीय गणित दडपलं गेलं, असं म्हणणाऱ्यांना उत्तर

गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. प्राचीन भारतीय गणिताचं श्रेय युरोपने कधीच दिलं नाही, इंग्रजांनी त्याचा उल्लेखही होऊ दिला नाही, आणि केरळातलं कलनशास्त्र (कॅल्क्युलस) जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या पाद्र्यांनी गोव्यामार्गे पळवलं, असं त्यात आहे. लोक तो अभिमानानं पुढे पाठवतात, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

श्रेय दिलं नाही? इटालियन गणिती फिबोनाचीने 1202 सालच्या ग्रंथात नऊ अंकांना सरळ ‘भारतीयांचे अंक’ म्हटलं आहे.

इंग्रजांचं म्हणाल, तर ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्यांचं गणित कोलब्रुक या इंग्रज संस्कृत पंडिताने 1817 मध्ये इंग्रजीत आणून लंडनला छापलं. केरळातल्या अनंत श्रेढींवर, म्हणजे न संपणाऱ्या बेरजांवर, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी चार्ल्स व्हिश याचा निबंध 1834 साली प्रसिद्ध झाला. तुच्छता होतीच, भारतीय विद्येला कमी लेखणारं मेकॉलेचं 1835चं शिक्षणविषयक टिपण वाचा. व्हिशच्या निबंधाकडे पुढे शंभरेक वर्षं जवळपास कुणी पाहिलं नाही, हेही खरं. पण छापून उघड्यावर ठेवलेलं दडपलं कसं म्हणायचं?

राहिली चोरी. जेझुइटांचं सेंट पॉल कॉलेज ओल्ड गोव्यात होतं, कोचीनलाही त्यांची ये-जा होती, म्हणून काही अभ्यासकांनी ही शक्यता मांडली. पण या श्रेढी मांडणाऱ्या माधव या केरळी गणितज्ञाची सूत्रं युरोपात पोचवल्याचं एकही पत्र आजवर पुढे आलेलं नाही. पोर्तुगिजांनी इथे देवळं मोडली, ग्रंथ जाळले, त्यामुळे आपल्याला हा आरोप चटकन पटतो. ते दुःख माझंही आहे, पण तो चोरीचा पुरावा नव्हे.

खरी अडचण ग्रंथांचीच होती. माधवाच्या श्रेढींची उपपत्ती देणारी ‘युक्तिभाषा’ मलयाळममध्ये, ताडपत्रांवर. तिच्या गणितभागाची सटीप आवृत्ती त्रिशूरला निघाली ती 1948 साली. आर्यभटाचं ‘आर्यभटीय’ जेमतेम 121 श्लोकांचं, इतकं आटोपशीर की टीकेवाचून, म्हणजे स्पष्टीकरणावाचून, उलगडत नाही. अकराव्या शतकात भारतीय विद्येचा अभ्यास करणाऱ्या अल-बिरूनीला ते मिळालं नाही, कोलब्रुकलाही नाही. या ग्रंथाच्या प्रती 1864 मध्ये मिळवल्या भाऊ दाजी लाड यांनी. आपल्या पेडण्यातल्या मांद्रे गावचा हा माणूस, मुंबईत डॉक्टरकी सांभाळून जुन्या पोथ्यांचा माग काढणारा. गोव्यात फिरणाऱ्या मजकुरात त्यांचंच नाव नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. आर्यभटाच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीने 1865 मध्ये छापला. आणि 1874 मध्ये केर्न या डच पंडिताने लायडेनहून अख्खं ‘आर्यभटीय’ टीकेसह प्रसिद्ध केलं.