‘फुकटचं टर्बोप्रॉप म्हणजे संथ जेट’ या सल्ल्याचा समाचार

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर विमानं उडवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं सार असं : फुकट मिळणारी टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारी) प्रवासी विमानं म्हणजे वरून रंगरंगोटी, आत पोकळ. टर्बोप्रॉप म्हणजे तरी काय, पंखे लावलेलं संथ जेट. नवशिक्याने चार दिवस उडवावं आणि पुढे सरकावं. ही विमानं जमिनीवर पळत सुटतात, हवेत नाक एका बाजूला ओढतात, इंजिन सुरू असून प्रोपेलर फिरत नाही. म्हणजे मॉडेल कच्चं. खरं काही शिकायचं तर पैसे मोजून मोठं जेट घ्यावं, आणि टर्बोप्रॉपचाच हट्ट असेल तर आधी लिव्हरचा महागडा संच आणावा.

यातला एक मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे, त्याचं श्रेय त्याला पुढे देतो. बाकीचे का पटत नाहीत ते एकेक करून पाहू.

“टर्बोप्रॉप म्हणजे संथ जेट”

सगळ्यात जास्त गैरसमज याच वाक्याने पसरवलाय, म्हणून इथे जरा थांबतो.

जेटच्या थ्रॉटलकडे आपण एकच गोष्ट मागतो : जोर. टर्बोप्रॉपमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरतात. इंजिन किती शक्ती देणार ही एक, आणि प्रोपेलर ती शक्ती मिनिटाला किती फेऱ्यांवर वापरणार ही दुसरी. एटीआर ७२-५०० या दोन इंजिनांच्या प्रवासी टर्बोप्रॉपमध्ये टेकऑफला प्रोपेलर १०० टक्क्यांवर, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर असतो. चढताना आणि क्रूझमध्ये, म्हणजे वर पोचल्यावरच्या सपाट प्रवासात, तो ८२ टक्क्यांवर येतो. डॅश ८ क्यू४०० या तशाच विमानात मिनिटाला टेकऑफला १०२०, चढताना ९०० आणि क्रूझमध्ये ८५० फेऱ्या असतात. ठरवलेल्या फेऱ्या टिकवायचं काम गव्हर्नरचं, आणि तो ते पात्यांचा कोन बदलून करतो. त्यामुळे पॉवर लिव्हर पुढे सारला की प्रोपेलरच्या फेऱ्या वाढत नाहीत, पाती जास्त हवा कापायला लागतात आणि टॉर्कचा, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या पिळाचा, काटा वर जातो. जेटवरून आलेला माणूस फेऱ्यांच्या काट्याकडे बघत बसतो आणि ‘इंजिन प्रतिसादच देत नाही’ म्हणतो.

प्रत्यक्षात प्रतिसाद जेटपेक्षा लवकर मिळतो. मोठ्या टर्बोफॅनला, म्हणजे जेटच्या इंजिनाला, आयडलवरून (सगळ्यात कमी शक्तीवरून) वेग पकडायला काही सेकंद लागतात. इथे प्रोपेलर आधीच पूर्ण फेऱ्यांवर असतो, फक्त पात्यांचा कोन बदलायचा असतो. मात्र जोर जसा चटकन येतो तसाच चटकन जातो. पंखाचा बराच भाग प्रोपेलरच्या झोतात असतो. उतरताना जेटच्या सवयीने लिव्हर लवकर आणि एकदम मागे ओढला, तर जोर जातो, झोतामुळे मिळणारी उचल जाते, आणि शिवाय चपट्या कोनातली पाती ब्रेकसारखी आडवी येतात. विमान धावपट्टीवर टेकत नाही, आपटतं. दोष बिचाऱ्या मॉडेलला दिला जातो.

हवेत लिव्हर जास्तीत जास्त जिथवर मागे आणायचा, त्या फ्लाइट आयडलच्या खाली काय आहे, हे तर जेटवाल्यांच्या गावीही नसतं. तिथे ग्राउंड आयडल आणि रिव्हर्स असतात. पात्यांचा कोन जवळपास सपाट, मग उलटा. जमिनीवर हे वरदान, हवेत मरण. ६ नोव्हेंबर २००२ ला लक्झेंबर्गला उतरणाऱ्या लक्सएअरच्या फोकर ५० मध्ये हवेत असतानाच लिव्हर फ्लाइट आयडलच्या खाली गेले आणि विमान कोसळलं. २२ पैकी २० जण गेले. म्हणून खऱ्या विमानात तिथे अडसर असतो. तुमचं फुकटचं विमान हवेत असताना तो अडसर पाळतं का, हे पाहायला मिनिटभरही लागत नाही.

‘चार दांड्या, त्यात काय शिकायचं?’ असं विचारणाऱ्यांसाठी आणखी दोन घटना. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२-६०० चा उजवा प्रोपेलर आपोआप फेदर झाला, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत वळली, आणि वैमानिकाने चालू असलेलं डावं इंजिन बंद केलं. ४३ बळी. १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्याला उतरताना यती एअरलाइन्सच्या एटीआर ७२-५०० मध्ये फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या झडपांच्या) लिव्हरऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर, म्हणजे इंधन आणि प्रोपेलर सांभाळणाऱ्या दांड्या, फेदरवर गेले. इंजिनं चालू होती, जोर शून्य. विमानातले ७२ च्या ७२ गेले. हा शिकलेल्या, अनुभवी लोकांचा घोळ आहे. याला ‘चार दिवसांचं काम’ म्हणणं मला तरी जमत नाही.

ऑटोपायलटची गोष्टही निराळी. आजकालच्या मोठ्या जेटमध्ये ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतं; एटीआर आणि क्यू४०० मध्ये ते नसतं, वेग तुमच्या हातात. चढताना व्हर्टिकल स्पीड मोड लावून १५०० फूट दर मिनिट असा आकडा भरला आणि नकाशा बघत बसलात, तर उंचीबरोबर इंजिनाची शक्ती घटते आणि ऑटोपायलट मुकाट्याने नाक वर उचलत राहतो, वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा देणारा स्टिक शेकर हलेपर्यंत. या विमानांत चढायला आयएएस मोड असतो तो यासाठीच : वेग धरायचा, एटीआरला साधारण १७० नॉट, आणि चढण्याचा दर मिळेल तो घ्यायचा. त्यात बर्फाची भर. ही विमानं बर्फाळ ढगांच्या वरून न जाता बऱ्याचदा त्यांच्या पोटातूनच जातात. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ बर्फामुळेच पडलं, ६८ जण गेले.

“नाक ओढतं, पळत सुटतं, पंखा फिरत नाही, म्हणजे मॉडेल कच्चं”

नाक ओढणं आधी घेऊ. बहुतेक जोडइंजिनी टर्बोप्रॉपमध्ये दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेने फिरतात. नाक वर असताना खाली येणारं पातं वर जाणाऱ्या पात्यापेक्षा जास्त ओढतं, शिवाय फिरता झोत शेपटीवर एका बाजूने आदळतो. शक्ती बदलली, वेग बदलला, की रडरचं (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं) ट्रिम, म्हणजे ते धरून ठेवायची नेमणूक, बदलावं लागतं. न ओढणारं टर्बोप्रॉप भेटलं तर उलट शंका घ्या : कोणीतरी जेटच्या मॉडेलवर प्रोपेलरचं चित्र डकवलेलं असायची शक्यता बरीच.

जमिनीवर पळत सुटण्याची कारणं दोन. एक तुमचं : लिव्हर फ्लाइट आयडलवरच ठेवलेले असतात, ग्राउंड आयडलवर आणलेले नसतात. दुसरं विमानाचं : ग्राउंड आयडलवर आणूनही ते ब्रेकशिवाय थांबायला तयार नसेल, तर आयडलचा जोर जास्त ठेवलाय. हा दोष बऱ्याच फुकट विमानांत खराच सापडतो, आणि विकत घेतलेलीही त्यातून सुटलेली नाहीत.

राहिला न फिरणारा प्रोपेलर. एटीआरला शेपटीत वेगळं सहायक इंजिन नसतं. त्याऐवजी उजवं इंजिन चालवून त्याचा प्रोपेलर ब्रेकने धरून ठेवतात आणि वीज, हवा त्यातून घेतात. याला हॉटेल मोड म्हणतात. हे शक्य होतं कारण प्रोपेलर फिरवणारी टर्बाइन कॉम्प्रेसरच्या दांड्याला जोडलेली नसते, ती मोकळी असते. तेव्हा एखाद्या फुकटच्या एटीआरमध्ये इंजिन धडधडतंय आणि पाती स्थिर दिसली, तर ज्याने ते विमान घडवलं त्याला दाद द्यायला हवी.

“फुकट म्हणजे आत पोकळ”

हाच तो बऱ्याच अंशी खरा मुद्दा. फुकटातली कित्येक टर्बोप्रॉप म्हणजे बाहेरून सुंदर विमान, आत सिम्युलेटरसोबत येणाऱ्या दुसऱ्याच विमानाचं पॅनल. २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये सोबत येणारी टर्बोप्रॉप होती किंग एअर ३५० आणि कॅरॅव्हन. दोन्हींची इंजिनं पीटी६, म्हणजे मोकळ्या टर्बाइनची. त्याच साच्यात कोणी फोकर एफ२७ किंवा व्हायकाउंट ओतलं की पंचाईत होते. त्यांचं रोल्स-रॉइस डार्ट इंजिन एकाच दांड्याचं : कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि गिअरबॉक्समधून प्रोपेलर, सगळे एकत्र बांधलेले. प्रोपेलरसाठी वेगळा लिव्हर नाही, थ्रॉटल पुढे नेला की इंधन आणि फेऱ्या बरोबरच वाढतात. किंग एअरच्या साच्यातलं एफ२७ दिसतं एफ२७ सारखं आणि चालतं किंग एअरसारखं. या तक्रारीशी मी सहमत आहे.

पण किंमत हे त्याचं कारण नव्हे. झिबो ७३७ हे बोइंग ७३७ चं मॉडेल फुकट आहे. फ्लायबायवायर ए३२एनएक्स हे एअरबसचं मॉडेल फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. ही दोन्ही जेट असली, तरी ‘फुकट म्हणजे उथळ’ हा नियम खोडायला तेवढी पुरतात. टर्बोप्रॉपपुरतं बोलायचं तर फ्लाइटगिअर हा सिम्युलेटरच खुला आहे, आणि त्यातली अनेक विमानं उड्डाणाचं गणित करणाऱ्या ज्या जेएसबीसिमवर चालतात त्याचा वापर संशोधनातही होतो. जेएसबीसिममध्ये प्रोपेलरची फाइल साधी मजकूराची असते : व्यास, पात्यांची संख्या, कोनाची किमान-कमाल मर्यादा, आणि वेग व कोनानुसार जोर किती नि शक्ती किती याची कोष्टकं. उघडा आणि वाचा. एक्स-प्लेन या सिम्युलेटरसोबत येणाऱ्या प्लेन मेकरमध्ये विमान उघडलं की इंजिन मोकळ्या टर्बाइनचं धरलंय की बांधलेल्या, ते दिसतं. विकत घेतलेल्या अनेक विमानांच्या फायली मात्र कुलूपबंद असतात. तिथे जाहिरातीवर विश्वास ठेवण्यापलीकडे फार काही करता येत नाही.

फाइल वाचायचा कंटाळा असेल तर उडवून बघा. ट्विन ऑटरसारखं प्रोपेलरचे लिव्हर वेगळे असलेलं विमान घ्या, सपाट उड्डाणात पॉवर लिव्हरला हात न लावता प्रोपेलरचे लिव्हर मागे घ्या. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. फेऱ्या घटल्या की टॉर्क वाढलाच पाहिजे. शक्ती तीच राहून फेऱ्या १०० वरून ८२ टक्क्यांवर आल्या तर टॉर्क साधारण २२ टक्क्यांनी चढेल. काटा जागेवरच राहिला किंवा खाली आला, तर इंजिन रंगवलेलं आहे. मग एक इंजिन उंचीवर बंद करा, फेदर न करता विमान किती वेगाने खाली येतं ते बघा, आणि नंतर फेदर करा. फरक ठळक दिसायला हवा, कारण वाऱ्याने फिरणारा मोकाट प्रोपेलर हा प्रचंड अडथळा असतो. शेवटी वेग. एटीआर ७२ क्रूझमध्ये हवेच्या सापेक्ष २७० ते २७५ नॉटच्या आसपास असतं आणि २५,००० फुटांच्या वर जात नाही. तुमचं ३३० नॉटने पळत असेल तर ते एटीआर नव्हे. क्यू४०० ला मात्र ३६० पर्यंत जायची परवानगी आहे, त्याला दोष देऊ नका.

या कसोट्या पैसे देऊन घेतलेल्या विमानांनाही लावून बघा. मजा येते.

“शिकायचं तर मोठं जेट घ्या”

मोठं जेट शिकवतं ते मुख्यतः संगणक भरायला. ते कौशल्य कमी नाही, पण तेच सर्वस्वही नाही. फुकट टर्बोप्रॉपमध्ये बऱ्याचदा मार्गाचा संगणक नसतो किंवा साधा जीपीएस असतो, आणि दर २८ दिवसांनी बदलणारा नकाशांचा डेटा नव्याने घेता येत नाही, अशी तक्रार असते. ती खरी आहे. एफ२७ आणि तिची भावंडं दशकानुदशकं व्हीओआर आणि एनडीबी या जमिनीवरच्या रेडिओ खुणांवर प्रवासी नेत होती, हेही तितकंच खरं. दोन सुया बघून वाऱ्याचा अंदाज घेत होल्डिंगमध्ये (उतरायची वाट पाहत घ्यायच्या घिरट्यांत) शिरायचं असेल तर संगणक नसणं ही सोय आहे.

“लिव्हरचा महागडा संच लागतोच”

नाही लागत. एटीआर ७२-५०० च्या कंडिशन लिव्हरला चारच जागा : इंधन बंद, फेदर, ऑटो, आणि १०० टक्के. क्यू४०० च्या लिव्हरलाही मोजक्या ठरलेल्या खाचा. ठरलेल्या जागांना सरकती दांडी लागत नाही, कीबोर्डची बटणं पुरतात. पॉवरला जॉयस्टिकवरचा एक सरकता थ्रॉटल बास. दोन्ही इंजिनं एकावर बांधा आणि एका इंजिनाचा सराव करायचा तेव्हा सोडवा. फ्लाइट आयडलच्या खालच्या पट्ट्यासाठी वेगळं बटण ठेवा, म्हणजे हात चुकून तिथे जाणार नाही. दर शक्तीबदलाला रडरचं काम आहे, ते जॉयस्टिकच्या पिळावर निभतं पण मनगट दुखतं. खर्च करायचाच असेल तर तो रडर पेडलवर करा.