चोराची आबाळ होऊ नये म्हणून

गावचं घर वर्षातले दहा महिने बंद. मे महिना आणि गणपती सोडले तर ओटीवर माणूस दिसत नाही. अशा घराला तारेचे कॅमेरे बसवणं हल्ली कोकणात सर्रास झालंय, आणि चार कॅमेरे, एक डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) असा संच घेतलात तर तुम्हीही काही वावगं केलं नाहीत. फक्त एक पथ्य पाळा. भर पावसात निसरडी पाणंद तुडवत जो माणूस रात्री तुमच्या घरी यायचा आहे, त्याची आबाळ होता कामा नये.

सुरुवात उंचीपासून. कॅमेरा पार आढ्याजवळ, अठरा-वीस फुटांवर चढवा. 'कुणाचा हात पोचायला नको' हे कारण सगळ्यांना पटतं. तिथून माणसाचा फक्त टाळू दिसतो, आणि जून ते सप्टेंबर तोही दिसत नाही, कारण त्यावर छत्री असते. चार महिन्यांत छत्र्यांचं सुरेख रेकॉर्डिंग जमतं. तोच कॅमेरा दाराजवळ आठ-नऊ फुटांवर, येणाऱ्याच्या तोंडासमोर लावला तर छत्रीखालचा चेहरा सापडतो, म्हणून तो मोह टाळा. लेन्स चारही कॅमेऱ्यांना २.८ मिमीचीच घ्या. तिच्यात अंगण, तुळस, गडगा, शेजाऱ्याची म्हैस असं सगळं मावतं आणि चाळीस फुटांवर बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, उभा राहिलेला माणूस मुंगीएवढा होतो. बेड्यासाठी ६ मिमीची मागितलीत तर दुकानदार 'मागवून घ्यावी लागेल' म्हणेल, आणि तुमची रजा तर परवा संपतेय.

बरं, चारांतला सर्वांत चांगला कॅमेरा कुठे? अर्थात सामायिक हद्दीवर. चोर वर्षातून एकदा येतो, चुलतभाऊ रोज येतो. त्याने कलमाची कुठली फांदी छाटली हे मुंबईत लोकलमध्ये उभ्या उभ्या बघता आलं पाहिजे. त्या चौकटीत त्यांचं न्हाणीघर येत असेल तर मेनूत प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते, तेवढा भाग काळा करता येतो. पण मेनूत शिरतो कोण?

आता तार. हिच्यात बचत करायला सर्वाधिक वाव आहे. थ्री प्लस वनचं (एक तार चित्राची, तीन जोडीच्या) ९० मीटरचं बंडल घेताना सर्वांत स्वस्त मागा, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार हमखास मिळेल. ब्लेडने खरवडून बघू नका, आत पांढरी चमक दिसली की उगाच जीवाला घोर. ही तार मांगराच्या, म्हणजे परसातल्या खोपटाच्या, कोपऱ्यापर्यंत ४० मीटर ओढा आणि पुढची मजा बघा. अस्सल तांब्याची ०.२ चौरस मिलिमीटरची जोडी असली तरी जाऊन-येऊन ८० मीटरचा रोध सात ओहमच्या आसपास भरतो. रात्री इन्फ्रारेड (अंधारात बघायचे) दिवे लागले की कॅमेरा साधारण ४०० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे पावणेतीन व्होल्ट वाटेतच खर्च आणि १२ मधले सव्वानऊ पोचतात. मुलाम्याच्या तारेत रोध दीडपट, तिथे पावणेआठ पोचले तरी नशीब. दिवसा चित्र लख्ख. तिन्हीसांज झाली, दिवे लागले की कॅमेरा मान टाकतो. मान टाकली की दिवे विझतात, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा शुद्धीवर येतो, पुन्हा दिवे लावतो, पुन्हा आडवा. उजाडेपर्यंत हेच. दिवसा बघायला आलेला वायरमन म्हणतो, "कॅमेरो बरो आसा. काय एक होवचा नाय, दादा." त्याच्या उजेडात त्याचं खरंच आहे. जाड तांब्याची वेगळी जोडी ओढणं, किंवा आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे, कॅमेरे घेऊन कॅट-६ या नेटवर्कच्या तारेतूनच ४८ व्होल्टची वीज (पीओई) देणं (शंभर मीटरपर्यंत चालते), हे असल्या रोगावरचे उतारे झाले. रोग मुरला की माणूस उतारा विसरतो.

भिंत जांभ्या चिऱ्याची असेल तर फारच उत्तम. चिरा मऊ आणि सच्छिद्र. ड्रिलचा हातोडा चालू ठेवून घुसवलंत की भोक आपोआप ऐसपैस होतं, प्लास्टिकची गिट्टी त्यात बोटाने बसते आणि बोटानेच निघते. हातोडा बंद करून बारीक भोक, लांब गिट्टी, किंवा आधी सिमेंटचं ठिगळ मारून त्यात स्क्रू, हे वेळखाऊ लोकांचं काम. स्क्रू साधे घ्या. खाऱ्या वाऱ्यात दुसऱ्या पावसापर्यंत त्यांचं डोकं गळून पडतं आणि कॅमेरा आपल्या शेपटीवर, म्हणजे अंगातून निघालेल्या आखूड तारेवर, लोंबकळत अंगणातल्या शेणसड्याकडे बघत बसतो. समुद्राकाठी ३१६ जातीचं स्टेनलेस टिकतं, पण ते दिसतं साध्यासारखंच. मग पैसे टाकून शोभा काय?

घरात तार घेतानाचं भोक आतल्या बाजूला उतरतं पाडा. पाणी उताराने येतं, त्याला वाट दाखवावी लागत नाही. तारेला भोकाआधी खाली झोळ द्यायचा असतो, म्हणजे थेंब तिथून गळून जातो. तो झोळ दिसायला वाईट दिसतो, तार ताठच बरी. आणि जोड? डबीवर आयपी ६७ (धूळ-पाणी आत शिरत नाही याची खूण) लिहिलेलं असतं, ते कॅमेऱ्याच्या डबीला. शेपटीला नाही. शेपटीचा बीएनसी (चित्राचा जोड) आणि डीसी पिन (विजेचा) चार बाय चारच्या जंक्शन बॉक्समध्ये घालण्याऐवजी वळचणीत उघडी सोडून काळी टेप गुंडाळा. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसा तो जोड श्रावणापर्यंत आतून हिरवा कळकतो. टेप सोडवलीत तर चिकट काळा राप हाताला लागतो, आत चमचाभर पाणी आणि पिनच्या जागी हिरवी पूड. चित्रावर आधी आडवे पट्टे येतात, मग निळा पडदा. डीव्हीआर बिचारा 'व्हिडिओ लॉस' म्हणून ओरडतो, पण तो ओरडतो बंद घरात.

कॅमेरा पागोळ्यांच्या रेषेबाहेर, उघड्यावर ठेवा. इन्फ्रारेडच्या उजेडात कौलांवरून पडणारी एकेक धार पांढऱ्या दोरीसारखी चमकते आणि मागचं अंगण काळंठिक्कर होतं. आत घेतलात तर पागोळ्या टळतात, पण पांढऱ्या भिंतीला चिकटवा, म्हणजे भिंतीचा उजेड भिंगात शिरून चित्र धुकट होईल. उरलेली कामगिरी कोळी पार पाडतो. (आठ पायांचा. होडीतला नव्हे.) तो कॅमेऱ्याच्या आडोशाला जाळं विणतो, आणि एक धागा भिंगासमोर हलला की तुमच्या मोबाइलवर 'हालचाल आढळली'. माडाच्या झावळ्या त्यात भर घालतात. रात्रभरात इतक्या सूचना येतात की तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या बंद करता. माणूस ओळखण्याची सोय असलेला कॅमेरा घेऊन ती सुरू केली असती तर हे टळलं असतं, आणि मग खरोखरच कुणी आल्यावर झोपमोड झाली असती.

विजेबद्दल काय सांगावं. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरवणाऱ्या, जाळीदार डब्यात पाल शिरते आणि दोन पट्ट्यांना एकदम चिकटून संसार आटोपते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा लांब ओढलेली तार हाच तिचा राजमार्ग, म्हणून अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर (विजेचा लोंढा अडवणारा) दोन्ही टाळा. त्यापेक्षा गाऱ्हाणं घाला: बा देवा म्हाराजा, ह्या डीव्हीआरार जी काय इडापीडा येयत ती बांधाभायर कर. व्हय म्हाराजा! यूपीएस घेतलात तर ६०० व्हीएचा घ्या. आतल्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर चाळीस वॅटचा संच तास-सव्वातास चालेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे वीज यायला काही ठिकाणी आठवडे लागले होते. सव्वातास त्यामानाने सोयीचा.

डीव्हीआर टीव्हीशेजारी शोकेसमध्ये, गणपतीच्या फोटोखाली ठेवा, निळा दिवा लुकलुकत. पाहुण्याला शोधाशोध नको. जाताना त्याला तो काखेत मारून नेता येतो. माळ्यावर कुलूपबंद पेटीत, हवा खेळती ठेवून लपवला तर फार मनस्ताप होतो, त्यालाच. हार्ड डिस्क जुन्या कॉम्प्युटरमधली चालेल असं सांगणारे भेटतील, त्यांच्यावर विश्वास ठेवा. नवी १ टीबीची घेतली तरी हिशेब सोपा आहे: दर कॅमेऱ्याला २ एमबीपीएस, चार कॅमेरे, दिवसाला ८६ जीबी, साडेअकरा दिवसांत डिस्क भरते आणि जुन्यावर नवं लिहायला लागते. चोरी आषाढात, तुम्ही येणार चतुर्थीला. त्याच्या चेहऱ्यावर तोवर झावळ्यांचे तीन-चार थर बसलेले असतात. एच.२६५ (चित्रण अधिक दाबून साठवायची पद्धत) निवडून मुदत दुप्पट होते, पण पुन्हा तोच प्रश्न, मेनूत शिरतो कोण?

पासवर्ड बसवणाऱ्याने दिलेला ठेवा. तो त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच देतो, म्हणजे विसरला तर वाडीत कुणालाही विचारता येतो. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने असल्याच सलामीच्या पासवर्डांवर जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कामाला जुंपले होते. निदान ते कुठल्या तरी कामाला आले. घड्याळाचंही मनावर घेऊ नका. आतला नाण्यासारखा सेल मेला की तारीख २००० सालात जाते. पोलिसांना चित्रण देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडायचं असतं, त्यात तुमच्या घरी चोर १ जानेवारी २००० ला आला होता असं लिहा.

सगळं झालं, मोबाइलवर चार चौकोन दिसले, चुलतभावाला दाखवून झाले, की निघायची तयारी. खिडक्या लावा. फ्रीज रिकामा करून दारात पाट अडकवा, कुबट वास येत नाही. गॅसचा कॉक फिरवा. देवापुढची वात शांत झाली का बघा. आणि बंद घरात शॉर्टसर्किट नको म्हणून, कुलूप घालण्याआधी मेन स्विच खाली पाडा.