‘दीडशे समीकरणांत शहराची हवा?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शहराच्या हवेतल्या ओझोनचा हिशेब संगणकावर मांडणाऱ्या मॉडेलवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे स्वतंत्र लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्ही तीस वर्षं रसायनांच्या कारखान्यात रिअॅक्टर चालवलेत. तुमचं म्हणणं असं, की ‘दीडशे समीकरणांत शहराची हवा कोंबायची आणि आकडे जुळेपर्यंत स्क्रू पिळत बसायचं, याला विज्ञान म्हणत नाहीत.’ त्यापेक्षा तोच पैसा मोजणीच्या यंत्रांवर घाला, मोजलेलं खोटं बोलत नाही. आणि कॅलिफोर्नियात बसून लिहिलेली समीकरणं दिल्ली-मुंबईला कशाला लावता?

तुमचं जे बरोबर आहे ते आधी. लेखात मी एक आलेख दिला होता. मोजलेला ओझोन आणि मॉडेलमधला ओझोन, दोन्ही रेषा दुपारी बरोबरीने चढतात आणि संध्याकाळी बरोबरीने उतरतात. त्याखाली मी लिहिलं होतं की यावरून केमिकल मेकॅनिझम, म्हणजे हवेतल्या अभिक्रियांची मॉडेलमध्ये घातलेली समीकरणं, योग्य असल्याचं दिसतं. ते वाक्य चूक होतं. ओझोन हा सगळ्या हिशेबाच्या तळाशी येणारा आकडा आहे आणि तिथे पोचायच्या वाटा अनेक आहेत. गाड्यांमधून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड मी जास्त धरले आणि रॅडिकल, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारे रेणूंचे अल्पायुषी तुकडे, तयार होण्याचा वेग कमी धरला, तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि रेषा छान जुळतात. उत्पादनाची टक्केवारी जुळली म्हणून रिअॅक्टरच्या आत काय चाललंय ते कळलं असं होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ही झाकलेली चूक उघडी पडते ती काहीतरी बदलल्यावर. लॉस एंजेलिसमध्ये हे वर्षानुवर्षं दिसत आलं. शनिवार-रविवारी ट्रक कमी धावायचे, नायट्रोजन ऑक्साइड घटायचे आणि ओझोन मात्र वाढायचा. कारण तिथे नायट्रोजन ऑक्साइड इतके जास्त होते की नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खात होता आणि हवेतल्या बहुतेक अभिक्रियांना सुरुवात करून देणाऱ्या हायड्रॉक्सिल (OH) रॅडिकलना नायट्रोजन डायऑक्साइड गिळत होता. बुधवारच्या ओझोनवर बेतलेली दोन मेकॅनिझम रविवारी वेगळी उत्तरं देऊ शकतात. ओझोन बनतो तो नायट्रोजन ऑक्साइड आणि सेंद्रिय वाफा यांच्यापासून, उन्हात; तेव्हा शहराने आधी ट्रकवर बंधनं आणायची की वाफा सोडणाऱ्या रंगांच्या सॉल्व्हंटवर, हा प्रश्न रविवारच्या उत्तरावर ठरतो. म्हणून आता मेकॅनिझमची परीक्षा ओझोनवर थांबत नाही. फॉर्मल्डिहाइड, पॅन म्हणजे पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट, हायड्रॉक्सिल रॅडिकल हे सगळं एकाच वेळी जुळतंय का, ते पाहतात. सगळीकडे एकदम नशीब साथ देणं अवघड असतं.

पण ‘दीडशे समीकरणं’ या आक्षेपाशी मी सहमत नाही. तुम्ही जो आकडा धरलाय तो कार्बन बॉण्ड मेकॅनिझमच्या 2005 च्या आवृत्तीचा असावा: 51 घटक, 156 अभिक्रिया. शेजारी ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठात तयार झालेलं मास्टर केमिकल मेकॅनिझम ठेवा, त्यात सुमारे 17,000 अभिक्रिया आहेत. मग तेच का वापरत नाही? कारण मॉडेलमध्ये शहर आणि आजूबाजूचा प्रदेश हजारो चौकटींत कापलेला असतो, प्रत्येक चौकटीवर उंचीचे अनेक थर असतात आणि दर काही मिनिटांनी प्रत्येक खोक्यातलं रसायन नव्याने सोडवावं लागतं. उद्याचा अंदाज परवा हातात आला तर त्याचा उपयोग काय?

तेव्हा आटवावं लागतं, पण ते डोळे मिटून होत नाही. कार्बन बॉण्डमध्ये रेणू मोजत नाहीत, बंध मोजतात. प्रोपीन घ्या, तीन कार्बन. त्यातल्या दुहेरी बंधाचं एक एकक आणि उरलेल्या एकेरी बंधाच्या कार्बनचं एक एकक, झालं प्रोपीन. ब्यूटेन म्हणजे एकेरी बंधाची चार एककं. दुहेरी बंध जिथे असेल तिथे हायड्रॉक्सिल साधारण सारख्याच तऱ्हेने हल्ला करतो, हे त्यामागचं गृहीतक. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या विल्यम कार्टर यांचं सॅप्रॅक हे मेकॅनिझम दुसऱ्या वाटेने जातं: हायड्रॉक्सिलशी साधारण सारख्या वेगाने झगडणाऱ्या संयुगांचा एक गट. दोन्हींत तपशील गळतो, हे मान्य. पण किती गळला ते तपासता येतं. तीच हवा एका काल्पनिक खोक्यात घालून आटवलेलं आणि सविस्तर अशी दोन्ही मेकॅनिझम शेजारी चालवतात आणि फरक बघतात.

स्क्रूंबद्दल. बहुतेक वेगस्थिरांक, म्हणजे अभिक्रिया किती वेगाने होते ते सांगणारे आकडे, आम्हाला हलवता येत नाहीत. ते प्रयोगशाळेत एकेक अभिक्रिया वेगळी काढून मोजलेले असतात, आणि नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचं व आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं मंडळ ते पारखून छापतं. मोकळीक उरते ती टोल्युइन-झायलीनसारख्या अरोमॅटिक, म्हणजे कार्बनचं वलय असलेल्या संयुगांत. त्यांचं वलय फुटल्यावर नेमकं काय-काय निघतं हे पुरतं उलगडलेलं नाही, म्हणून तिथे काही उत्पादनांचं प्रमाण चेंबरच्या प्रयोगांवरून बसवलेलं असतं. तुमचा आक्षेप इथे लागू पडतो.

चेंबर म्हणजे टेफ्लॉनच्या पातळ, पारदर्शक पापुद्र्याची खोलीएवढी पिशवी. जर्मनीतल्या युलिशची तर 270 घनमीटरची आहे, उघड्या आकाशाखाली. वरची झाकणं सरकवली की आत ऊन येतं. मी काम शिकलो ते चेंबर पुष्कळ लहान होतं, दिव्यांचं. पहिल्या आठवड्यात आम्ही रात्रभर त्यातून शुद्ध हवा फिरवली. सकाळी आत हायड्रोकार्बन नाही, नायट्रोजन ऑक्साइड नाही, पिशवी ताणून फुगलेली. दिवे लावले. तासाभरात ओझोनचा आकडा हलायला लागला आणि दुपारपर्यंत चढत राहिला. मला वाटलं यंत्र बिघडलं. शिकवणाऱ्या बाईंनी फक्त पिशवीला हात लावून दाखवला. भिंत. टेफ्लॉनला चिकटलेलं नायट्रस आम्ल प्रकाशात सुटतं, फुटतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल आणि नायट्रिक ऑक्साइड निघतं. आदल्या प्रयोगांचा उरलेला सेंद्रिय गाळ असतो तो वेगळाच. त्यामुळे खऱ्या प्रयोगाआधी नुसत्या हवेचा प्रयोग, कार्बन मोनॉक्साइडचा प्रयोग, अंधारात ओझोन किती वेगाने भिंतीवर मरतो त्याचा प्रयोग, असं सगळं करून भिंतीचा हिशेब आधी बांधायचा. तो बांधला नाही तर भिंतीने दिलेले रॅडिकल टोल्युइनच्या खात्यावर जमा होतात, ते मेकॅनिझममध्ये जातात आणि शहराच्या आकाशाला भिंत नसतानाही ती भिंत मॉडेलमध्ये कायमची राहते. जुन्या बऱ्याच प्रयोगांत नायट्रोजन ऑक्साइडही आजच्या शहरांपेक्षा कितीतरी जास्त असायचे. ते निकाल आजच्या हवेला लावताना मी फार सावध असतो.

आता ‘मोजलेलं खोटं बोलत नाही’. 2005 मध्ये गयाना आणि सुरिनामच्या जंगलावरून विमान नेऊन हायड्रॉक्सिल मोजलं. झाडं सोडतात त्या आयसोप्रीनने ते जवळजवळ संपायला हवं होतं, निघालं अपेक्षेपेक्षा खूपच जास्त. 2008 मध्ये हे छापून आलं आणि सगळ्यांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या पीटर्स आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं की आयसोप्रीनचा पेरॉक्सी रॅडिकल आतल्या आत हायड्रोजन सरकवून हायड्रॉक्सिल परत देऊ शकतो. प्रयोगशाळेत ती वाट खरी ठरली, फक्त त्यांनी म्हटलं होतं त्यापेक्षा संथ. मग 2012 मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका जंगलातून बातमी आली: मोजणीच्या लेसर यंत्राच्या आतच थोडं हायड्रॉक्सिल तयार होत होतं. आत येणारं हायड्रॉक्सिल रासायनिक पद्धतीने आधी काढून टाकलं आणि पुन्हा मोजलं, तर हवेतलं खरं प्रमाण बरंच कमी निघालं. मेकॅनिझममध्ये नव्या अभिक्रिया आल्या आणि यंत्रही सुधारलं. नुसती यंत्रं घेतली असती, तर त्यांची चूक दाखवायला समोर कुणीच नसतं.

कॅलिफोर्नियाचं म्हणाल तर हायड्रॉक्सिल आणि टोल्युइन जिथे भेटतील तिथे त्याच वेगाने भिडतात, मग ते रिव्हरसाइड असो की चेंबूर. पण हवेत काय-काय आहे हे गावागणिक बदलतं, आणि तिथे तुमची शंका रास्त आहे. दिल्लीच्या हिवाळ्यातल्या कणांमध्ये क्लोराइड चकित करण्याइतकं जास्त सापडलं. आयआयटी मद्रासच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये ते प्लास्टिकयुक्त कचरा जाळण्याशी आणि उद्योगांशी जोडून दाखवलं. हायड्रोजन क्लोराइड, अमोनिया, थंड ओलसर रात्र, आणि कण पाणी शोषून फुगतात, धुकं दाटतं. क्लोरीनचं रसायन नसलेलं मेकॅनिझम तिथे अपुरं पडणार. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतून दिल्लीच्या हवेचा अंदाज रोज दिला जातो, म्हणून हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

लेखातलं ते वाक्य मी काढलं आहे आणि तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. एक विनंती मात्र आहे. पायलट प्लांटमधून मोठ्या रिअॅक्टरवर जाताना भिंतीमुळे तुमचे हिशेब चुकले होते, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. ते कुठल्या अभिक्रियेत घडलं आणि भिंतीचा वाटा तुम्ही वेगळा कसा काढलात, हे सविस्तर लिहाल का?