एकच तर डिस्क टाकायची आहे ना!

हा निरोप नेहमी शुक्रवारी संध्याकाळीच येतो. सर्व्हर भरलाय, चार टीबीची डिस्क आणून ठेवली आहे, घरी जाता जाता टाकून जा. टाकून जा म्हणे! पोस्टाच्या पेटीत पत्र टाकायचं आहे का?

रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा; रेड-५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या हिशेबाला, जाते. तीन डिस्कच्या रेड-५ ला चौथी जोडायची म्हणजे आधीचा ८ टीबी डेटा तुकड्यातुकड्याने उचलायचा, चार डिस्कवर नव्याने मांडायचा आणि पॅरिटी पुन्हा मोजायची. याला रीशेप म्हणतात. ४ टीबीच्या डिस्कांवर सेकंदाला ४० एमबीचा वेग सलग मिळाला, तरी जवळपास २८ तास लागतात. तो सलग मिळत नाही, कारण त्याच वेळी अर्धं ऑफिस त्याच सर्व्हरवरच्या फायली उघडून बसलेलं असतं. तुमचा यूपीएस चालतो वीस मिनिटं. एमडीएडीएम (लिनक्सवर रेड सांभाळणारं साधन) आपली प्रगती डिस्कवर लिहीत जातं, त्यामुळे वीज गेली तरी बहुधा तिथूनच पुढे सुरू होतं. या ‘बहुधा’वर सगळ्या कंपनीचा डेटा टांगून घरी जायचं का?

बॅकअप विचारला की उत्तर तयार असतं: ‘रेड आहे ना!’ अहो, रेड म्हणजे एक डिस्क मेली तरी काम थांबू नये यासाठीची सोय. कुणी चुकून फोल्डर उडवला तर रेड तो इमानेइतबारे चारही डिस्कवरून उडवतं. रीशेपच्या आधी दुसऱ्या मशीनवर पूर्ण बॅकअप हवा, आणि त्यातली एखादी फाइल परत आणून, उघडून बघितलेली हवी. नसेल तर स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

आता ती आणलेली डिस्क. कधी ती चारऐवजी आठ टीबीची निघते: ‘ऑफर होती म्हणून घेतली.’ वा! अ‍ॅरे (असा जोडलेल्या डिस्कांचा संच) सगळ्यात लहान डिस्कच्या मापाने चालतो, म्हणजे उरलेले चार टीबी नुसते गरगर फिरणार. किंवा मग एसएमआर डिस्क आणतात. हिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. थोडं लिहिलं तर राखीव पट्ट्यात मावतं, पण तासन्‌तास सलग लिहिलं की तो पट्टा भरतो आणि वेग सेकंदाला काही एमबीवर येऊन आपटतो. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलला कबूल करावं लागलं, की नाससाठी (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red, म्हणजे लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या. इतकं झाल्यावरही खोक्यावर पाहून कळेल याची खात्री नाही. मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या तक्त्यात शोधा, सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) लिहिलेलं दिसलं तरच पैसे मोजा.

स्वस्तातल्या डेस्कटॉप डिस्कचं दुखणं निराळंच. खराब सेक्टर लागला की ती मिनिट-दोन मिनिटं झगडत बसते. लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ३० सेकंद वाट पाहतो, मग लिंक रीसेट करतो, आणि एमडी (कर्नलमधला रेड चालवणारा भाग) त्या डिस्कला अ‍ॅरेतून हाकलतं. म्हणजे एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाहेर, तीही रीशेपच्या मध्यात. स्मार्टसीटीएल या कमांडने एससीटी-ईआरसी (खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ झगडायचं ती मर्यादा) ७० ठेवा, म्हणजे सात सेकंद. डिस्कला ती सोय नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० करा. बऱ्याच डिस्क वीज गेली की ही सेटिंग विसरतात, म्हणून ती बूट होतानाच्या स्क्रिप्टमध्ये घाला. हे डिस्कच्या खोक्यात कोणी लिहून देत नाही.

रीशेपच्या आधी दोन कामं करायची असतात आणि ती कुणालाच नको असतात. एक, नव्या डिस्कची लाँग टेस्ट, म्हणजे डिस्कने स्वतःला पूर्ण वाचून तपासणं; ४ टीबीला सात-आठ तास सहज जातात. दोन, जुन्या अ‍ॅरेचा ‘चेक’, म्हणजे सगळा डेटा वाचून पॅरिटीशी ताडून पाहणं. महिनोन्‌महिने न वाचलेल्या भागात मेलेले सेक्टर दडलेले असतात. ते आज सापडले तर पॅरिटीवरून भरून काढता येतात. रीशेप चालू असताना एक डिस्क गेली आणि मग ते सापडले, तर भरून काढायला काही उरलेलंच नसतं. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांसमोरचे खराब सेक्टरांचे आकडे बघा. १९९, म्हणजे केबलवरच्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर डिस्कला शिव्या घालू नका, साटा केबल बदला.

‘अ‍ॅड’ केलं की डिस्क अ‍ॅरेत दिसायला लागते आणि लोक खूश होऊन निघून जातात. ती तिथे स्पेअर म्हणून बसलेली असते! जागा एका बाइटनेही वाढलेली नसते. ‘ग्रो’ करून डिस्कांची संख्या चार सांगायची, तेव्हा कुठे रीशेप सुरू होतो. मग एमडीस्टॅटमध्ये (रीशेपची प्रगती दाखवणारी फाइल) वेग बघून किंचाळायचं, कारण दुसरं काम चालू असलं की एमडी किमान मर्यादेपर्यंत खाली येतं, आणि ती मुळात सेकंदाला १००० केबी आहे. रात्री ती ५०००० करा, सकाळी खाली आणा. स्ट्राइप कॅश (एमडी कामासाठी रॅममध्ये राखतं ती जागा) २५६ वरून ८१९२ केली तर चार डिस्कना १२८ एमबी रॅम लागते आणि वेग बहुतेक वेळा सुधारतो.

रीशेप संपला तरी ‘डीएफ’मध्ये (जागा दाखवणारी कमांड) जागा तेवढीच. मग फोन: ‘डिस्क खराब आहे वाटतं.’ खराब नाही हो, वरच्या थरांना वाढलेली जागा सांगायची राहिली! मध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) असेल तर पीव्हीरीसाइझ, मग एलव्हीएक्स्टेंड, आणि शेवटी फाइलसिस्टिम: ईएक्सटी-४ ला रीसाइझटूएफएस, एक्सएफएसला ग्रोएफएस, तेही माउंट असतानाच. एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन डिस्कांची जुनी ओळ राहिली असेल तर ती बदला आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी सिस्टिम) पुन्हा बनवा. नाहीतर पुढच्या रीबूटला अ‍ॅरे एमडी-१२७ नावाने उगवतो, किंवा उगवतच नाही.

झेडएफएसवाल्यांनी (रेड आणि फाइलसिस्टिम एकत्र देणारी प्रणाली) हसू नये. रेडझेडमध्ये (तिच्यातलं रेड-५ सारखं रूप) एकेक डिस्क वाढवायची सोय ओपन-झेडएफएस २.३ मध्ये आली, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये. तिथे ‘अटॅच’ म्हणायच्या जागी ‘अ‍ॅड’ म्हटलं आणि वर इशारा डावलून जबरदस्ती केली, की ती डिस्क एकटीच पूलमध्ये (झेडएफएसच्या सगळ्या साठ्यात) घुसते. रेडझेड असलेल्या पूलमधून तिला पुन्हा काढता येत नाही, आणि ती मेली की अख्खा पूल गेला. एका शब्दाची ही किंमत. हार्डवेअर कंट्रोलरवर तर एकदा सुरू केलेला विस्तार बहुतेक ठिकाणी रद्दच करता येत नाही.

एवढं सगळं झालं की साहेब येऊन विचारणार, बारा टीबी म्हणाला होतात, इथे १०.९ कसे? कारण डिस्कवाले हजाराने मोजतात आणि मशीन १०२४ ने. त्यातही ईएक्सटी-४ मूळ सेटिंगप्रमाणे ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्यासाठी) राखून ठेवतं, म्हणजे १२ टीबीवर ६०० जीबी. नुसत्या डेटाच्या व्हॉल्यूमवर रूटला एवढी जागा कशाला हवी? ट्यूनटूएफएसने ती १ टक्का करा. चालू सर्व्हरवर होतं, अनमाउंटही करावं लागत नाही. नवी डिस्क मागवण्याआधी निदान एवढं तरी बघा!