ब्रेकची सुई बघणं हे नाटक नाही

‘इंजिन सुरू झालं की हायड्रॉलिक प्रेशर आपोआप येतं. उड्डाणाआधी ब्रेकचं प्रेशर बघणं हे नुसतं नाटक. टॅक्सी करताना सुई शून्यावर असते, तरी विमान उडतंच. आणि विमान थांबवतो तो रिव्हर्स, ब्रेक नव्हे.’ हा मेसेज मला या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. (टॅक्सी म्हणजे विमानाचं जमिनीवर चालणं; रिव्हर्स म्हणजे इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणं.) मी एअरबस ए-३२० वर लाइन मेंटेनन्स, म्हणजे उड्डाणांच्या आधी-मधे विमानाची तपासणी-दुरुस्ती, करतो, म्हणून त्याच विमानावरून सांगतो.

इंजिन सुरू झालं की प्रेशर येतं, हे बरोबर. पण ते सुरू होईपर्यंत विमान धरून कोण ठेवतं? पिवळ्या सिस्टिमवरचा अॅक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवून ठेवणारी टाकी. (विमानातल्या हायड्रॉलिक सिस्टिमना रंगांची नावं असतात.) आत एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला दाबाखालचं हायड्रॉलिक तेल. तो पूर्ण भरलेला असेल तर पार्किंग ब्रेक किमान १२ तास टिकतो, आणि बाकी सगळं गेलं तरी निदान सात वेळा पूर्ण ब्रेक मारता येतो. पण तास उलटतात तसा दाब हळूहळू उतरतो. म्हणून सकाळच्या पहिल्या फ्लाइटला कॉकपिटमध्ये गेलो की मधल्या पॅनेलवरच्या त्या छोट्या गोल मीटरकडे नजर जाते. तीन सुया: वर अॅक्युम्युलेटरची, खाली डाव्या-उजव्या ब्रेकची. वरची हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ३००० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास हवी. नसेल तर खाली विमानाजवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारून, त्याचा होकार आल्यावरच पिवळा इलेक्ट्रिक पंप लावायचा. पुशबॅक (ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणं) चालू असताना, इंजिनं बंद असताना टो-बार, म्हणजे ट्रॅक्टर आणि विमान जोडणारा दांडा, तुटला, तर पायलटच्या पायाखाली एवढंच प्रेशर असतं.

आता शून्याचं. टॅक्सी सुरू होताच पायलट पेडल दाबून बघतो: विमान हळू होतं, आणि खालच्या दोन्ही सुया शून्यावर राहतात. त्या सुया पिवळ्या सिस्टिमचं प्रेशर दाखवतात; नेहमीचे ब्रेक हिरव्या सिस्टिमवर चालतात. म्हणजे शून्य दिसणं हाच तपासणीचा पास. सुया वर चढल्या, तर हिरव्या सिस्टिमने ब्रेक हाती घेतलेले नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने सुई पाहिली, पण ती कशाची आहे हे विचारलं नाही.

रिव्हर्सबद्दल थोडक्यात: कोरड्या धावपट्टीवर टेक-ऑफ मध्येच सोडून थांबायला किती अंतर लागेल, याचा प्रमाणित हिशेब करताना रिव्हर्स धरतच नाहीत. सगळी भिस्त ब्रेकवर.

आणि सुई हिरव्यात आहे म्हणून चॉक (चाकांना लावायचे ठोकळे) नकोत, असंही कुणी समजू नये. १५ नोव्हेंबर २००७ ला तुलूझमध्ये नवंकोरं ए-३४०-६०० इंजिन-चाचणीला उभं होतं. पार्किंग ब्रेक लावलेला, चॉक नाहीत, आणि चारही इंजिनं एकदम मोठ्या पॉवरवर. विमान सरकलं आणि काही सेकंदांत समोरच्या काँक्रीटच्या भिंतीवर चढलं. आतली माणसं जखमी झाली, विमान भंगारात गेलं. त्यामुळे वर जाऊन सुई बघण्याआधी मी खाली वाकून चॉक बघतो.