‘तापट आहे, पण मनानं चांगला आहे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाच्या रागाविषयीच्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : भाऊ तापट असला तरी मनानं चांगला आहे. द्राक्ष बागायतदाराला राग येणारच. तो बाहेर पडलेला बरा, आत कोंडला तर बीपी वाढतं. टाळी एका हातानं वाजत नाही, वहिनीनं गप्प राहायला शिकावं. आणि घरातलं उणंदुणं चारचौघांत मांडून मी भावाची अब्रू घालवली, तेव्हा लेख काढून टाकावा. तुम्ही तासगावकडचेच आणि वयानं वडिलांच्या ठिकाणी, म्हणून सविस्तर लिहिते.

बागेचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की माल हाती येईपर्यंत माणूस आभाळाकडं बघत जगतो. फुलोऱ्यात पाऊस लागला तर घड कुजतात, दावण्या रोग शिरला तर बघता बघता बागेचं होत्याचं नव्हतं होतं. मध्यरात्री उठून फवारणीला ट्रॅक्टर काढणारा माझा भाऊ मी पाहिलाय. सोसायटीचं कर्ज, औषध दुकानाची उधारी, मजुरांचा हिशेब, सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे. त्याच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण मग त्या व्यापाऱ्याचं काय? एका हंगामात एकानं माल तोडून नेला आणि दिलेला चेक वटला नाही. भाऊ त्याच्याशी फोनवर बोलत होता तेव्हा मी सोप्यातच बसले होते. “साहेब, जरा बघा की. साहेब, पोराची फी भरायचीय.” आवाज एकदाही चढला नाही. फोन ठेवून तो आत गेला, भाकरी गार लागली म्हणून ताट भिरकावलं, आणि वहिनीच्या आईबापाचा उद्धार सुरू झाला. “अक्कल गहाण ठिवून आलीयास काय? माझ्या जिवावर गिळतीयास नुसती!” शेजारच्या वस्तीवर ऐकू गेलं. लाखांचा माल बुडवणाऱ्यापुढं ज्याची जीभ ताब्यात राहते, त्याला गार भाकरीपुढं ती आवरता येत नाही, हे मला पटत नाही काका. बँकेच्या साहेबाला विचारा, सोसायटीच्या सचिवाला विचारा, भावाला कुणीही तापट म्हणणार नाही. समोर कोण आहे ते बघून हा राग सुटतो. वहिनी कुठं जाणार नाही आणि आई मधे पडणार नाही, याची त्याला खात्री आहे.

आणि टाळीचं म्हणाल, तर वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून गप्पच आहे. बोलली तर “उलट बोलतीस व्हय”, नाही बोलली तर “तोंड शिवलंय काय”. दुसऱ्या दिवशी भाऊ सांगलीहून भडंगाचा पुडा आणतो आणि घरानं ती माफी समजायची. आई म्हणते, “रागाच्या भरात बोलतोय, मनात काय नसतंय त्याच्या.” तुम्हीही तेच लिहिलंत. त्याच्या मनात काय नसतं ते सगळ्यांना माहीत आहे. वहिनीच्या मनात काय साठलंय ते तिला कुणी विचारलेलं नाही.

राग बाहेर काढला की माणूस शांत होतो, हा समज फार जुना आहे. अमेरिकेतल्या ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं 2002 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिडवलेल्या माणसांना त्यानं पंचिंग बॅग बडवायला दिली. ज्यानं चिडवलं त्याला मनात आणून ज्यांनी बॅग बडवली, त्यांचा राग नुसत्या स्वस्थ बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. आमच्या घरात तर ओरडण्यानं ओरडण्याची सवयच लागली. परवा माझा भाचा, भावाचा मुलगा, आईला म्हणाला, “तुला काय कळतंय? गप बस.” चौथीतलं पोर. शब्द बापाचे, हेलही बापाचाच. वहिनी पाठ फिरवून भांडी घासत राहिली. तो लेख मी त्याच रात्री लिहायला घेतला.

भावाला टाकून द्यावं असं मी कुठंही म्हटलेलं नाही. सततच्या चिडचिडीमागं नैराश्य असू शकतं, झोपेची मोड असू शकते, दारू असू शकते. मिरजेत डॉक्टरांची वाण नाही. घरबसल्या बोलायचं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर मी त्याला दिलाय. त्यानं अजून फोन केलेला नाही. पण त्यानं फोन करेपर्यंत वहिनीनं ऐकत बसावं, हे मला मान्य नाही. राग चढलेला असताना ती आता वाद घालत नाही. “तुम्ही शांत झाला की बोलू” एवढं म्हणून पोराला घेऊन शेजारच्या काकूंकडं जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा आईच तिच्यावर रागावली होती.

लेखात मी कायद्याचं नाव काढल्यावर तुम्हाला मी घर मोडायला निघाले असं वाटलं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा शिवीगाळ, अपमान, टोमणे यांनाही हिंसाच मानतो. अंगावर वळ असावेच लागतात असं नाही. त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं, दंडाधिकारी छळ थांबवायचा आदेश देऊ शकतात, आणि राहत्या घरातून बाईला परस्पर हुसकून लावता येत नाही. हा आधार बायकोला आहे तसाच एका घरात राहणाऱ्या आईलाही आहे. 181 वर बाईला कधीही मदत मागता येते, जिवावर बेतलं तर 112 आहेच. वहिनीनं अजून यातलं काही केलेलं नाही. करायचं की नाही हे ती ठरवील, मी नाही आणि तुम्हीही नाही. पण तिला हे माहीत तरी असायला हवं होतं.

लेख मी काढणार नाही. छापण्याआधी तो वहिनीनं वाचला होता. पोराच्या शाळेविषयीचं एक वाक्य तिनं काढायला सांगितलं, ते मी काढलं. बाकीचं राहू दे म्हणाली.